लेकीला बघायला येतात, आपण कॉलेज बघायला जाऊ

आज आम्ही दोघी जावा मिळून तुमच्याशी बोलणार आहोत. एकीचं राहिलं तर दुसरी सांगेल, म्हणून दोघी आलो आहोत.

मे महिना म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यात काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पारा ४३-४४ वर. दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. तरी घराघरात माणसांची ये-जा चालू, कारण लग्नसराई. याच दिवसांत बारावीचा निकाल लागतो, आणि निकालाच्या पाठोपाठ दारात पाहुणे येतात. मुलगी बघायला. पोहे होतात, चहा होतो, "पोरगी किती शिकली?" हा प्रश्न होतो आणि पुष्कळदा पोरीचं शिक्षण तिथंच थांबतं.

हे आम्ही उगीच म्हणत नाही. २०१९ ते २१ या काळात सरकारनं देशभर कुटुंब आरोग्याची पाहणी केली. २० ते २४ वर्षं वयाच्या बायकांना त्यात विचारलं, की तुमचं लग्न अठराच्या आत झालं का? परभणी जिल्ह्यात शंभरातल्या सुमारे ४८ जणींनी 'हो' सांगितलं. सगळ्या महाराष्ट्राचा आकडा २२ च्या आसपास होता. म्हणजे आपला आकडा राज्याच्या दुपटीहून जास्त. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे, आणि असं कुठं होत असेल तर १०९८ वर फोन करता येतो, हे आपण ऐकून आहोत. पण नुसतं "लग्न करू नका" म्हणून भागत नाही. लग्न नाही तर मग काय, ते घराला डोळ्यांनी दिसावं लागतं. आजचं आमचं बोलणं त्याबद्दलच आहे.

आमच्या थोरलीची लेक बारावी झाली. मार्क बरे पडले. तिला बी.ए. करायचं होतं, इतिहास आणि मराठी घेऊन, आणि तेही छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादला. घरात तीन माणसांची तीन मतं. तिचे बाबा म्हणाले, "बी.ए. करून काय होतंय? नर्सिंग तरी कर." सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या लांब एकटी पोरगी? लोक काय म्हणतील?" आणि त्याच आठवड्यात एक स्थळही सांगून आलं.

भांडून उपयोग नव्हता. मग आमच्या दोघींच्या मनात आलं, की स्थळ आलं तर आपण काय करतो? मुलाचं घर बघायला चार माणसं पाठवतो. शेती किती, पाणी आहे का, घरात माणसं कशी, सासू कशी, सगळं विचारतो. मग कॉलेज न बघताच 'नको' कसं म्हणायचं? जिथं मुलगी तीन-चार वर्षं काढणार, ते ठिकाणही बघून यावं. आणि एकट्या बापानं जाऊन यायचं नाही. ज्यांना शंका आहे, त्यांनी सगळ्यांनी जायचं. सासूबाईंना पहिलं नेलं, कारण घरातला शेवटचा शब्द त्यांचा.

निघण्याआधी

उन्हाळ्यात कॉलेज बघायला जायचं तर पहिलं काम फोनचं. मे महिन्यात शिकवणं बंद असतं, प्राध्यापक सुट्टीवर असतात, कुठं परीक्षा चालू असतात. पण कार्यालय बहुतेक ठिकाणी चालू असतं. म्हणून आधी विचारून घ्यायचं, की ऑफिस किती वाजेपर्यंत असतं, प्रवेशाची माहिती कोण देईल, ग्रंथालय आणि वसतिगृह बघता येईल का. सुट्टीत वर्ग भरलेले दिसत नाहीत हे खरं. पण एक फायदा आहे. गर्दी नसते, आणि कार्यालयातल्या माणसाला तुमच्याशी दहा मिनिटं बोलायला सवड असते.

आपल्या जिल्ह्याला रेल्वेची सोय चांगली आहे. पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू ही सगळी स्टेशनं एकाच मार्गावर आहेत आणि तोच मार्ग जालन्यावरून पुढं जातो. आम्ही पहाटे उठून भाकरी-चटणी बांधली, पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि सकाळची गाडी धरली. तीन-साडेतीन तासांचा प्रवास. मुलगी, तिचे बाबा, सासूबाई, आम्ही दोघी आणि धाकटा पोरगा. तो कशाला, तर पुढं त्याला बहिणीचा डबा घेऊन जावं लागलं तर रस्ता माहीत असावा म्हणून.

ज्या जागेला आपण गेलो ती जागा काय आहे

आम्ही गेलो नागसेनवनात. मिलिंद महाविद्यालयाचा तो परिसर. आता ही जागा काय आहे हे आम्हालाही धड माहीत नव्हतं. मुलीनं गाडीत सगळ्यांना सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो.

आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचं विद्यापीठ हैदराबादला, १९१८ साली निघालेलं उस्मानिया, आणि तिथं शिक्षण उर्दूतून. आपल्या खेड्यातल्या पोरानं पदवी घ्यायची म्हटलं तर हैदराबाद गाठायचं आणि आधी भाषा शिकायची. गरिबाला ते कुठून जमणार? मुलींचं तर नावच नको.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. मुंबईनंतर दुसरं कॉलेज कुठं काढावं? त्यांनी पुणं-नाशिक निवडलं नाही. मराठवाडा निवडला, जिथं फारसं काही नव्हतं. जून १९५० मध्ये कला आणि विज्ञान शिकवणारं कॉलेज औरंगाबादला सुरू झालं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. आपल्या भागासाठी वेगळं मराठवाडा विद्यापीठ आलं ते १९५८ साली, म्हणजे कॉलेजनंतर आठ वर्षांनी. त्याच विद्यापीठाला १९९४ पासून बाबासाहेबांचं नाव आहे.

नावाची गोष्ट सासूबाईंना फार आवडली. मिलिंद हा दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक राजा. प्रश्न विचारण्यात पटाईत. भल्याभल्यांना त्यानं गप्प केलं. मग नागसेन नावाचे बौद्ध भिक्खू भेटले. त्यांनी त्याच्या एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि पटल्यावर राजानं प्रामाणिकपणे मान्य केलं. त्या दोघांचं बोलणं पाली भाषेतल्या एका ग्रंथात आहे. म्हणून कॉलेज मिलिंदाचं आणि भोवतीचं वन नागसेनाचं. विद्यार्थ्यानं विचारावं, आणि पटलं तर मानावं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे विचारायचीच शाळा आहे म्हणा की! मग आज मीही विचारते."

आणि त्यांनी विचारलं. कार्यालयात खुर्चीवर बसून त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "साहेब, पोरींची संडास कुठंय?" आमचे थोरले लाजले. पण मैत्रिणींनो, दिवसाचे सहा-सात तास मुलगी जिथं असणार, तिथला हा पहिला प्रश्न आहे. आपण बायकांनी तो विचारायचा नाही तर कुणी?

बी.ए.मध्ये असतं काय

तिच्या बाबांचा प्रश्न वेगळा होता. बी.ए. म्हणजे नुसतं पुस्तक वाचणं, त्याचं पुढं काय? त्यांना जे समजलं ते आम्ही सोप्यात सांगतो.

कला शाखा म्हणजे चित्रकला नव्हे. इतिहास, भाषा, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र असे विषय. माणूस आणि समाज समजून घेणं, नीट वाचणं, नीट लिहिणं, चार बाजू ऐकून आपलं मत मांडणं. परदेशात लहान लहान कॉलेजं अशी आहेत, जिथं मुलाला सुरुवातीला एकाच विषयाला बांधत नाहीत. गणितवाल्यानं कविता शिकायची, इतिहासवाल्यानं थोडं विज्ञान. त्याला 'लिबरल आर्ट्स' म्हणतात. पुण्या-मुंबईकडे या नावाचं शिक्षण मिळतं, पण फी आपल्या आवाक्यातली नसते.

त्यातला काही भाग आता आपल्या साध्या बी.ए.मध्येही आला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे मुख्य विषय एक, त्याला 'मेजर' म्हणतात. जोडीचा विषय 'मायनर'. शिवाय दुसऱ्या शाखेतला एखादा विषय घेता येतो. म्हणजे इतिहास घेतलेल्या मुलीला थोडं हिशेबाचं, वाणिज्यचं शिक्षण घेता येतं. शिक्षणाचं माप 'क्रेडिट'मध्ये मोजतात. साधारण पंधरा तास वर्गात शिकलं की एक क्रेडिट. ही क्रेडिटं मुलीच्या नावावर ऑनलाइन जमा राहतात, बँकेत पैसे राहावेत तशी.

हे आपल्या मुलींसाठी का महत्त्वाचं, ते नीट ऐका. पूर्वी दुसऱ्या वर्षाला शिक्षण सुटलं, तर हातात काहीच राहत नसे. 'बारावी पास' एवढंच. आता ठरलेली क्रेडिटं पूर्ण करून पहिल्या वर्षानंतर थांबलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स पदवी. आणि थांबलेल्या मुलीला ठरलेल्या मुदतीत परत येऊन पुढचं करता येतं. बाळंतपणामुळे, आजारपणामुळे, पैशामुळे शिक्षण सुटलेल्या किती जणी आपल्या ओळखीत आहेत ते आठवा.

पण एक सावधगिरी. कागदावर विषयांची यादी लांब असते. शिकवायला माणूस असेल तरच तो विषय खरा. म्हणून थेट विचारायचं, की या विषयाला कायम प्राध्यापक किती, तासिका तत्त्वावरचे किती, आणि मागच्या वर्षी हा विषय खरंच शिकवला का?

नोकरीचं म्हणाल तर कोणतीही पदवी असली की राज्यसेवेची परीक्षा देता येते, बँकेच्या परीक्षा देता येतात. तीन वर्षांची वकिली, बी.एड., समाजकार्य, ग्रंथालयशास्त्र या वाटाही पदवीनंतर घेता येतात. बी.ए. झालं की नोकरी हातात, असं आम्ही म्हणणार नाही. पण पदवी नसेल तर या परीक्षांतून नोकरी मिळत नाही.

आणि सगळंच नोकरीवर मोजू नये. याच मिलिंदमध्ये म. ना. वानखेडे प्राचार्य होते, गंगाधर पानतावणे मराठी शिकवत होते. पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालवलं आणि दलित साहित्याला त्यातून हक्काची जागा मिळाली. ज्यांच्या आईबापांना पाटीवर नाव लिहिता येत नव्हतं, त्यांची मुलं तिथं आपल्या घराबद्दल लिहू लागली. हे कला शाखेचंच काम.

काय काय बघायचं

संभाजीनगरला जाण्याआधी आम्ही आणखी एक कॉलेज बघून आलो होतो. नाव सांगत नाही. तिथं ग्रंथालयाला कुलूप होतं. विचारलं तर म्हणाले, "पुस्तकं भरपूर आहेत, पण चावी ज्यांच्याकडे आहे ते लग्नाला गेलेत." दाराच्या कडीवर धुळीचा थर होता. ते लग्न बरेच दिवस चाललं असावं. बघायला का जायचं, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. माहितीपत्रकात धूळ छापत नाहीत.

तर आम्ही एक वही केली आणि त्यात प्रश्न लिहिले. तुम्हीही लिहून घ्या.

ग्रंथालय उघडं असतं का, मुलींना बसून वाचायला जागा आहे का, पुस्तक घरी मिळतं का. मुलींची स्वच्छतागृहं किती, पाणी आहे का, आतून कडी लागते का. पिण्याचं पाणी आणि मुलींची बसायची खोली. कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते, २०१३ च्या कायद्यानं ते बंधनकारक आहे. तिच्या अध्यक्षा कोण, त्यांचं नाव आणि फोन फळ्यावर लावलेला आहे का, ते बघा. रॅगिंगची तक्रार करायची असेल तर १८००-१८०-५५२२ हा देशभराचा मोफत नंबर आहे. तो मुलीच्या फोनमध्ये आणि आपल्याही फोनमध्ये ठेवा.

वसतिगृह बघायचं तर खोली बघून निघू नका. जेवण कोण करतं, दिवे गेले तर काय, रात्री आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेतं, रेक्टर बाई आत राहतात का. स्टेशनवरून कॉलेजपर्यंतचा रस्ता पायी चालून बघा. संध्याकाळी तिथं दिवे असतात का, दुकानं उघडी असतात का. बाहेर चहाच्या टपरीवर पाच मिनिटं बसा. आत जे कळत नाही ते टपरीवर कळतं. आणि एखादी शिकणारी मुलगी भेटली तर तिच्याशी आपल्या मुलीला एकटीला बोलू द्या. आपण मोठे जवळ उभे राहिलो की पोरी खरं बोलत नाहीत.

पैशाचा हिशेब

आम्ही समजत होतो की खर्च फीचा असतो. अनुदानित कॉलेजातल्या बी.ए.ची फी त्या मानानं कमी असते. खरा खर्च राहण्या-खाण्याचा आणि येण्या-जाण्याचा. म्हणून सरकारी वसतिगृहाची चौकशी आधी करा. अनुसूचित जातीच्या मुलीला वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ओबीसी मुलींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे. त्यासाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं लागतं. दाखल्यांना वेळ लागतो. निकालाची वाट न बघता मे महिन्यातच सेतू केंद्रावर जा. जूनमध्ये तिथं पाय ठेवायला जागा नसते.

आणि मैत्रिणींनो, लांबच जायला पाहिजे असं नाही. परभणी शहरात कॉलेजं आहेत, सेलूला नूतन आहे, गंगाखेडला जनाबाईंच्या नावाचं आहे, जिंतूरला, पूर्णेला आहे. घरून येऊन-जाऊन शिकता येतं. फक्त एक लक्षात ठेवा. गावाकडच्या मुलींचा एसटीचा अहिल्याबाई होळकर मोफत पास बारावीपर्यंतच असतो. बारावी झाली की तो बंद, आणि पुष्कळ पोरींचं शिक्षण त्या पासाबरोबरच बंद पडतं. त्यानंतर विद्यार्थी सवलतीचा पास काढायचा, त्याला भाड्याच्या साधारण एक तृतीयांश पैसे पडतात. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण रोज जाणारीला पासच स्वस्त पडतो. आणि गावात पहिली गाडी किती वाजता येते आणि शेवटची कधी परतते, ते आधी बघा. कॉलेज चांगलं असून गाडीच नसेल तर उपयोग काय?

ज्या आपल्यातल्याच शिकायच्या राहिल्या, त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. घरकाम, शेती सांभाळून पदवी घेता येते. आमच्यातली धाकटी त्याचा फॉर्म घेऊन बसली आहे, हे जाता जाता सांगतो.

परतताना

दुपारची उन्हं उतरेपर्यंत आम्ही झाडाखाली बसून भाकरी खाल्ली. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. सत्तरीच्या बाई, शाळेचं तोंड बघितलं नाही, कॉलेजच्या आवारात पाय ठेवण्याची पहिलीच वेळ. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं, कॉलेज म्हणजे सिनेमात दाखवतात तसं असतं. इथं तर नुसती शांतता आहे." थोड्या वेळानं परत म्हणाल्या, "माझ्या लग्नाआधी कुणी नवऱ्याचं घरसुद्धा दाखवलं नव्हतं मला."

संध्याकाळच्या गाडीत तिच्या बाबांनी वही मागून घेतली. प्रश्नांपुढं आम्ही उत्तरं लिहिली होती, काही ठिकाणी 'बरं', काही ठिकाणी 'परत विचारणे'. त्यांनी खाली खर्चाची बेरीज मांडली. जालना येईपर्यंत बेरीज झाली. सेलू येईपर्यंत ते एवढंच म्हणाले, "वसतिगृहाचा फॉर्म आधी भरू. जागा मिळाली तर तिथं. नाही मिळाली तर परभणीला, पण शिकायचं." आणि आलेल्या स्थळाला काय सांगायचं, हा प्रश्न सासूबाईंनीच मिटवला. "सांगा, पोरगी शिकतीय. घाई असेल त्यांनी दुसरीकडं बघावं."

आम्ही काही फार मोठं केलं नाही. सहा माणसांचं तिकीट आणि एक दिवस गेला. पण तोपर्यंत घरात 'कॉलेज' हा नुसता शब्द होता, भीतीचा. आता त्या शब्दाला दार आहे, झाडं आहेत, रस्ता आहे. बघितलेल्या जागेची भीती कमी होते. आणि 'नको' म्हणायचंच असेल, तर तेही बघून म्हणता येतं, त्या कुलूपवाल्या कॉलेजला आम्ही म्हटलं तसं.

तर या सुट्टीत तुमच्या घरी बारावी झालेली लेक असेल, तर एक दिवस काढा. आजीला घ्या, बापाला घ्या, वही घ्या, पाणी घ्या. पाहुणे दारात येण्याआधी लेकीला घेऊन निघा. नमस्कार.